केडगावच्या आधीचं पुणं: रमाबाई आणि १८९३चा वाद

केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे पंडिता रमाबाईंनी निराधार मुली-बायकांसाठी उभारलेलं आश्रयस्थान, म्हटलं की १८९६-९७चा दुष्काळ आठवतो. मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना घेऊन येणाऱ्या पंडिता रमाबाई सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी स्वतःचे आईवडील आणि बहीणही १८७०च्या दशकातल्या दुष्काळी वर्षांत गमावली होती. पण १८९३ साली पुण्यात काय झालं ते पाहिल्याशिवाय केडगाव नीट कळत नाही.

शारदा सदन, म्हणजे रमाबाईंनी काढलेली विधवा मुलींची शाळा, १८८९मध्ये मुंबईत निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. पैसा अमेरिकेतल्या हितचिंतकांचा, सल्लागार इथले सुधारक, आणि अट अशी की मुलींना कुठलाही धर्म शिकवायचा नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३मध्येच इंग्लंडात झाला होता. तरी त्यांनीच पुढे लिहिलं, की धर्म मिळाला, ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षं गेली. तारण कमवायचं नसतं, ते कृपेनं मिळतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्या आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, ऑगस्ट १८९३मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

सल्लागारांची भीती खोटी नव्हती. विधवा मुलीला शिकायला पाठवताना लोक आधीच कचरत. धर्मांतराचा संशय आला की तेही थांबणार. पण सदनात मुलींना आपापले उपास, पूजाअर्चा करायची मोकळीक होती. मग जिच्या जिवावर सदन चाललं, तिनंच आपली श्रद्धा दाराआड ठेवावी, हा आग्रह मला अन्यायाचाच वाटतो.

अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरती कबूल झालेली. पुढची सोय म्हणून केडगावला जमीन घेतली होती. प्लेगमुळे दुष्काळातल्या मुलींना पुण्यात ठेवता येईना, तेव्हा तीच जमीन उपयोगी पडली. इथे पुण्यातली अट नव्हती. १९००च्या गुजरातच्या दुष्काळातूनही शेकडो जणी आल्या. १९०५च्या जूनअखेर प्रार्थनेत मुली रडत पापं कबूल करू लागल्या. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत अशा श्रद्धेच्या नव्या जागृतीला संजीवन म्हणतात.

१९२१मध्ये एकुलती एक मुलगी गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. मरण्याआधी, १९२२मध्ये, त्यांनी ते पुरं केलं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आणि खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका होत्या.