आंब्याच्या रसाचा डबा उघडण्याआधी जरा वाचा

दर सीझनला फोन येतो, डब्याच्या अंगावर ह्या वळ्या कशाला, गुळगुळीत डबा किती छान दिसला असता. दिसला असता, पण रस गरम असतानाच भरून सील करतो, तो गार होताना आकसतो, आत व्हॅक्यूम होतो आणि बाहेरची हवा पत्रा आत दाबायला बघते, पत्रा तर जेमतेम पाव मिलिमीटरचा! वळ्या नसत्या तर डबा चेपला असता, नाहीतर जाड पत्रा घ्यावा लागला असता आणि त्याचे पैसे तुमच्याच बिलात.

झाकणावरच्या रिंगाही शोभेच्या नाहीत. डबा उकळत्या पाण्यात असतो तेव्हा झाकण त्या रिंगांमुळे जरा बाहेर येतं, गार झालं की परत आत बसतं. म्हणून चांगल्या डब्याचं झाकण सपाट किंवा किंचित खोलगट. फुगलेलं दिसलं, बोटाने दाबल्यावर टक-टक खालीवर झालं तर उघडू नका, चव तर अजिबात बघू नका, फोटो पाठवा, आम्ही बदलून देतो. मधे कुठे हलका पोचा असला तर चालतो. काठाच्या शिवणीवर असेल तर मात्र नको, कारण तिथे झाकणाची आणि डब्याची कड एकात एक दुमडून सीलबंद केलेली असते, सगळी भिस्त त्या दोन-तीन मिलिमीटरवर.

पत्रा म्हणजे स्टील, वर कथलाचा अगदी पातळ थर. आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हई व्हायची ना, तेच कथील, फक्त नवसागराचा धूर नाही. आंबा आंबट, म्हणून आतून सोनेरी लॅकरही (पातळ लेप) असतं. तरी डबा एकदा उघडला की हवा लागते आणि रसाला धातूची चव येऊ शकते, म्हणून उरलेला रस डब्यातच फ्रीजमध्ये ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा आणि दोन-तीन दिवसांत संपवा (उरतोय कशाला म्हणा).

ओढून उघडायची रिंग का नाही? तसल्या झाकणावर कापायची रेघ आधीच कोरलेली असते, एसटीच्या पार्सलात आदळआपट खात जाणाऱ्या डब्याला ती आम्हाला नको वाटते. डब्याचं पेटंट इंग्लंडात 1810 चं, आणि चांगला ओपनर यायला त्यापुढे 40हून जास्त वर्षं गेली, तोवर लोक छिन्नी-हातोडीने फोडायचे, तुमच्याकडे निदान ओपनर तरी आहे. कापलेली कड धारदार असते, पोरांच्या हातात देऊ नका.