एकाच नावाच्या दोन फायली आणि कंपायलरची निवड

प्रकल्पात एकाच नावाच्या दोन फायली वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असल्या, तर कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) अडखळेल किंवा निदान इशारा तरी देईल, असा समज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांमध्ये सर्रास आढळतो. सी आणि सी प्लस प्लस या भाषांमध्ये तसे घडत नाही. ‘इन्क्लूड’ ही आज्ञा दुसऱ्या फाइलचा सगळा मजकूर त्या ओळीच्या जागी आणून ठेवते. ती फाइल शोधताना प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरसाठी आधी मजकूर तयार करणारा भाग, ठरलेल्या क्रमाने एकेक फोल्डर तपासतो आणि पहिली सापडली की थांबतो. पुढे त्याच नावाची दुसरी फाइल आहे का, हे तो पाहतही नाही.

नाव दुहेरी अवतरणचिन्हांत असेल, तर जीसीसी हा कंपायलर प्रथम ती आज्ञा ज्या फाइलमध्ये लिहिली आहे तिच्या फोल्डरमध्ये पाहतो. मुख्य फाइलच्या नव्हे, हे ध्यानात घ्यावे. त्यानंतर ‘-आय’ या पर्यायाने दिलेली फोल्डरे दिलेल्याच क्रमाने येतात आणि शेवटी सिस्टीमची. नाव कोनी कंसांत असेल, तर पहिली पायरी गळते. सीच्या प्रमाणकाने हा तपशील कंपायलर रचणाऱ्यांवर सोपवला आहे. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, उदाहरणार्थ, चालू फाइलला समाविष्ट करणाऱ्या फायलींची फोल्डरेही उलट्या क्रमाने धुंडाळतो, त्यामुळे तोच प्रोग्रॅम दोन ठिकाणी दोन निराळ्या फायली उचलू शकतो.

खरी गंमत मात्र योग्य फाइल सापडल्यानंतर सुरू होते. समजा, ‘ध्वनी’ आणि ‘चित्र’ या दोन्ही फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग.एच’ आहे. एकच मजकूर दोनदा येऊ नये म्हणून अशा फाइलच्या सुरुवातीला गार्ड घालतात: ‘कॉन्फिग_एच’ हा मॅक्रो (प्रीप्रोसेसर लक्षात ठेवतो असे नाव) आधी ठरलेला नसेल, तरच तो ठरवावा आणि पुढचा मजकूर घ्यावा. दोन्ही लेखकांनी सवयीने मॅक्रोला हेच नाव दिले असेल, तर मुख्य फाइलने दोन्ही फायली अचूक मार्गाने मागवूनही दुसरीचा मजकूर पूर्ण वगळला जातो, कारण गार्डला फाइल ओळखता येत नाही, फक्त मॅक्रोचे नाव कळते. मग ‘हे नाव घोषित केलेले नाही’ अशी तक्रार येते आणि घोषणा तर डोळ्यांसमोर दिसत असते. त्याहून वाईट म्हणजे, दोन्ही फायलींत ‘कमाल आकार’ अशा एकाच नावाचा स्थिरांक असेल, तर तक्रारही येत नाही. चित्राचा भाग ध्वनीचा आकडा मुकाट्याने वापरतो.

अशा वेळी इन्क्लूडच्या ओळी वरखाली करून पाहण्याचा तोडगा प्रचलित आहे. तो ताईत बांधण्यापेक्षा फारसा वेगळा नाही: ओळी हलवल्याने कोणत्या फाइलचा मजकूर वगळला जावा एवढेच बदलते, दोष जागेवरच राहतो.

गार्डच्या जागी लिहिता येणारी ‘प्रॅग्मा वन्स’ ही सूचना मॅक्रोऐवजी फाइलची ओळख पाहते, म्हणून हा विशिष्ट घोटाळा टळतो. पण तिथेही जीसीसी बदलाची वेळ, आकार आणि मजकूर जुळला की दोन फायली एकच मानतो; आपापल्या फोल्डरमधील शेजारची फाइल समाविष्ट करणाऱ्या, शब्दशः सारख्या दोन छोट्या फायलींच्या बाबतीत हे चुकीचे ठरू शकते.

त्यामुळे गार्डच्या नावात फोल्डरचे नाव गुंफावे आणि इन्क्लूडमध्ये ‘ध्वनी/कॉन्फिग.एच’ असा मार्ग लिहावा. शंका आल्यास जीसीसीला ‘-एच’ हा पर्याय मोठ्या लिपीतील अक्षराने द्यावा. समाविष्ट झालेल्या प्रत्येक फाइलचा मार्ग तो छापून दाखवतो.