शतपावलीला शंभर पावलं पुरत नाहीत

रात्रीचं जेवण झालं की आमचे आजोबा अंगणात येरझाऱ्या घालायचे. त्याने अन्न जिरतं, असं आजीचं म्हणणं. अन्न जिरवायला पोट आणि आतडी समर्थ असतात. पाय करतात ते काम वेगळंच आहे, आणि ते कळायला थोडा हिशेब मांडावा लागतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० आली, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. सगळ्या रक्ताचं मिळून ते भरतं ५ ग्रॅम, चहात घालतो तो एक चमचा. आता दुपारचं साधं ताट घ्या: दोन पोळ्या, वाटीभर भात, आमटी, बटाट्याची भाजी. यातला स्टार्च पचला की ८०-९० ग्रॅम ग्लुकोज सहज होतं. एका चमच्याच्या जागेत काही तासांत सोळा ते अठरा चमचे येऊन पडतात, आणि तरीही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर दोन तासांनी १४० च्या आत असते. मग बाकीची जाते कुठे?

थोडी मेंदू वापरतो, थोडी यकृत साठवतं. पण मोठी कोठी स्नायूंची. यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात मावते, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. या कोठीचं दार म्हणजे ग्लूट-४ नावाचं प्रथिन. एरवी ते पेशीच्या पोटात दडून असतं. इन्सुलिनची वर्दी आली की पृष्ठभागावर येतं आणि ग्लुकोजला आत घेतं. टाइप २ मधुमेहात ही वर्दी पेशीला नीट ऐकूच येत नाही. गंमत अशी, की स्नायू आखडला-सैलावला की इन्सुलिनची वाट न बघता हेच दार उघडतं. चालणाऱ्या माणसाच्या मांड्या-पोटऱ्या हेच तर करत असतात.

आपल्याकडे ही कोठी मुळातच लहान. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसात स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त, असं बऱ्याचदा असतं. ‘मी कुठे जाड आहे?’ हे वाक्य म्हणूनच मला फारसं दिलासादायक वाटत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १० कोटींच्या घरात निघाले आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी. मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात होतं, २६.४ टक्के.

कोठी वाढवायची तर स्नायूंना ओझं द्यायला हवं: उठाबशा, जिने, जमेल तसे वजनाचे व्यायाम. पन्नाशीनंतर तर हे जास्तच गरजेचं, कारण वयाबरोबर स्नायू आपोआप झडत जातात.

दुसरी बाजू ताटाची. साखर सोडून गूळ धरला की काम झालं, अशी समजूत घरोघरी आहे. गुळातही बहुतेक सुक्रोजच, म्हणजे साखरच असते, रक्ताला त्याचा रंग कळत नाही. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिच्यातला स्टार्च पोळीपेक्षा फारसा कमी नसतो. तीन भाकऱ्या खाऊन हिशेब जमत नाही. आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यातलं दाण्याचं कूट आणि सोबतचं दही हेच काय ते साखरेचा वेग रोखणारे, त्यामुळे कुटात कंजुषी करू नये.

खाण्याचा क्रमही बघण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली ११ मधुमेही लोकांना तेच जेवण दोन तऱ्हांनी दिलं. एकदा पाव आणि फळांचा रस आधी, एकदा भाज्या आणि चिकन आधी. दुसऱ्या खेपेला तासाभराने मोजलेली साखर सुमारे ३७ टक्के कमी निघाली. माणसं थोडीच होती, पण फरक मोठा होता. आपल्या पंगतीत मात्र पहिला घास वरणभाताचा. पानाची डावी बाजू, म्हणजे कोशिंबीर, आधी संपवावी, मग उसळ-भाजी, आणि भात शेवटी थोडा. आमच्याकडे कुळाचार म्हणून एकदा पहिला घास वरणभाताचा घेतात आणि मग कोशिंबिरीकडे वळतात. तडजोड बरी आहे.

आता परत अंगणात. अमेरिकेत २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या, साखर किंचित वाढलेल्या १० लोकांवर एक प्रयोग झाला. सकाळी सलग ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं, दोन्हींनी दिवसभराची साखर उतरली. पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवण्यात जेवणानंतरचं चालणं सरस ठरलं. साहजिक आहे. साखर रक्तात उतरत असतानाच दारं उघडली जातात. सकाळी सहाला टेकडी चढून आलेला माणूस रात्री साडेनवाला जेवून सोफ्यावर आडवा झाला, तर त्या वेळी स्नायू झोपलेलेच.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र चालणं एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

बाकीच्यांसाठी हिशेब सोपा. शंभर पावलं चालायला जेमतेम एक मिनिट लागतं. पंधरा मिनिटांत दीड हजार होतात. आजोबा पावलं मोजत नसत. गप्पा मारायला शेजारचे काका कुंपणापाशी येत, आणि मग दोघांच्या येरझाऱ्या संपता संपत नसत.