गोल्फची ग्रिप आणि स्विंगचा पाया

गोल्फमध्ये क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, हातात धरायच्या पद्धतीला ग्रिप म्हणतात आणि तो धरून अंग वळवत बॉल मारायची जी अख्खी हालचाल असते तिला स्विंग. क्लबच्या वरच्या टोकावर जे रबर चढवलेलं असतं त्यालाही खेळाडू ग्रिपच म्हणतात. शिकणारे बहुतेक जण सगळा वेळ स्विंगवर घालवतात, हात किती वर न्यायचा, कंबर कधी फिरवायची वगैरे, आणि ग्रिप पहिल्या दिवशी जशी बसली तशीच वर्षानुवर्षं राहते. खरं तर बॉल उजवीकडे पळणं, डावीकडे वळणं, अंतर न मिळणं यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ हातातच असतं, म्हणून सुधारणा तिथूनच सुरू करावी. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरायची.)

ग्रिपला एवढं महत्त्व का, तर शरीराचा क्लबशी संबंध फक्त दोन हातांतून येतो आणि क्लबफेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग, कुठे बघणार हे हातच ठरवतात. पूर्वी असं शिकवलं जायचं की स्विंग ज्या दिशेने जातो त्या दिशेने बॉल सुटतो आणि फेसमुळे तो नंतर वळतो. डॉपलर रडारवर बॉल मोजायला लागल्यावर हे उलटं निघालं, बॉल सुटायची दिशा मुख्यतः फेसच ठरवतो, ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) साधारण ८५ टक्के आणि आयर्नला (मधल्या अंतराचे धातूचे क्लब) ७५ टक्क्यांच्या आसपास, आणि वळण येतं ते फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. सुटण्याच्या दिशेत एका अंशाची चूक म्हणजे २०० मीटरवर बॉल साडेतीन मीटर बाजूला, आणि त्यात वळण अजून धरलेलंच नाही. शिवाय क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग, आणि डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून खाली बॉलपर्यंत येणं, सगळा मिळून पाव सेकंदाचा, इतक्या वेळात फेस जाणूनबुजून सरळ करणं कोणालाच जमत नाही. तो सरळ यायची सोय आधीच, उभं असतानाच, हातात करून ठेवावी लागते.

आधी डावा हात. क्लब तळव्यातून आडवा धरायचा नाही, तो बोटांत बसला पाहिजे: तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरका जाऊन करंगळीच्या मुळाशी, आणि तळव्याची करंगळीकडची जाड गादी रबराच्या वर. ही गादी वर असली की नुसत्या तर्जनीवर आणि त्या गादीवर क्लब उचलून धरता येतो, हीच तपासणी. तळव्यात धरलेल्या क्लबने मनगट नीट मोडत नाही, मग वेग येत नाही आणि ग्लोव्हला गादीपाशी भोक पडतं. ग्लोव्ह तिथे लवकर फाटत असेल तर स्विंगचा व्हिडिओ काढायच्या आधी हात बघा. अंगठा दांड्याच्या मधोमध न ठेवता किंचित उजवीकडे ठेवायचा आणि तो फार पुढे ताणायचा नाही.

उजवा हातही बोटांतच, मुख्यतः मधलं बोट आणि अनामिका, आणि तळव्यावरची जीवनरेषा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखी बसली पाहिजे. दोन हात जोडायच्या तीन पद्धती आहेत. ओव्हरलॅपमध्ये उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर टेकते, तिला वार्डन ग्रिप म्हणतात कारण जर्सी बेटावरच्या हॅरी वार्डनने ती जगभर पसरवली. हा माणूस १८९६ ते १९१४ मध्ये ओपन चॅम्पियनशिप ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा सहा वेळा जिंकला, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही, मग लोक त्याचे हात बघणार नाहीत तर काय. पद्धत त्याची स्वतःची मात्र नव्हती, स्कॉटलंडचा हौशी खेळाडू जॉनी लेडली त्याच्या आधीपासून तशीच धरायचा. दुसरी इंटरलॉक, यात करंगळी आणि तर्जनी एकमेकांत अडकतात, जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स हे दिग्गज दोघंही हीच वापरतात, त्यामुळे छोट्या हातांची ग्रिप म्हणून तिला कमी लेखण्यात अर्थ नाही. तिसरी दहा बोटांची, बेसबॉलच्या बॅटसारखी, लहान मुलांना आणि हातात जोर कमी असलेल्यांना किंवा संधिवात असलेल्यांना सोयीची. तिन्हींपैकी कुठली घ्यावी यावर लोक फार वेळ घालवतात. जी धरून दोन्ही हात एकत्र हलतात ती घ्या आणि पुढे चला, त्याहून मोठा प्रश्न हात दांड्यावर किती फिरवलेत हा आहे.

त्याला स्ट्राँग, न्यूट्रल आणि वीक म्हणतात आणि त्याचा जोराशी काहीही संबंध नाही. क्लब धरून खाली बघितल्यावर डाव्या हाताच्या नकल्स, म्हणजे बोटांच्या मुळाच्या गाठी, दोन ते अडीच दिसत असतील आणि अंगठा-तर्जनीमधला इंग्रजी व्हीसारखा आकार उजवा खांदा आणि हनुवटीच्या मध्ये कुठेतरी बघत असेल तर ती न्यूट्रल. हात उजवीकडे जास्त फिरवले, तीन किंवा चार गाठी दिसल्या की स्ट्राँग, अशा ग्रिपने फेस बंद व्हायला, म्हणजे डावीकडे वळायला बघतो आणि बॉल डावीकडे वळतो म्हणजे हुक. हात डावीकडे, एखादीच गाठ दिसतेय, ती वीक, फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघत राहतो आणि बॉल उजवीकडे पळतो म्हणजे स्लाइस. नवख्यांमध्ये स्लाइसच जास्त, त्यामुळे डावा हात थोडा उजवीकडे फिरवून बघणं हा पहिला उपाय असायला हवा. उलटं उदाहरण अमेरिकेच्या नामवंत बेन होगनचं, हुकने त्याला वर्षानुवर्षं छळलं आणि त्याने डावा हात वीक करून तो काबूत आणला. म्हणजे एकच ग्रिप सगळ्यांना बरोबर असं नाही, अमेरिकेचा डेव्हिड डुव्हाल अगदी स्ट्राँग ग्रिपने २००१ ची ओपन जिंकला. फक्त ग्रिप आणि अंगाचं वळण यांचं जुळलं पाहिजे, स्ट्राँग ग्रिपवाल्याचं अंग वेगाने वळत राहिलं नाही तर हुक ठरलेलाच.

आता दाब. घट्ट धरलं की आधी मनगट, मग कोपर, मग खांदे आखडतात आणि क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या खालच्या टोकाचा, वेग तिथेच मरतो. क्लब हातातून फिरणार नाही एवढाच दाब पुरे, तोही डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत जास्त, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा. बरेच जण सुरुवातीला हलकं धरतात आणि वरून खाली येताना एकदम आवळतात, तो झटका जास्त घातक. रबर गुळगुळीत झालं असेल तर माणूस नकळत आवळतोच, आणि जाडी हाताला जुळत नसेल तरी तेच, म्हणून घासलेलं रबर वेळेवर बदलणं हाही तंत्राचाच भाग धरावा.

उभं राहणं थोडक्यात: आधी फेस टार्गेटकडे लावायचा, मग पाय, कंबर, खांदे त्या रेषेला समांतर. वाकायचं कमरेच्या सांध्यातून, पाठीला पोक न काढता, आणि हात खांद्यांखाली सैल लटकू द्यायचे. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, वेजला (जवळून उंच मारायचा क्लब) साधारण मधोमध.

बॅकस्विंगची, म्हणजे क्लब मागे वर नेण्याची, सुरुवात खांदे, हात आणि क्लब एकत्र नेऊन होते, नुसत्या हातांनी क्लब उचलला की पुढचं सगळं बिघडतं. पूर्ण वळणात खांदे साधारण ९० अंश आणि कंबर ४५ अंश फिरते, पण ज्याचं अंग तेवढं वळत नाही त्याने ओढाताण करू नये, थोडं कमी वळलं तरी चालतं, फक्त वळण्याऐवजी उजवीकडे सरकायचं नाही. वरून खाली येताना क्रम फार महत्त्वाचा आहे: वजन डाव्या पायाकडे, मग कंबर, मग छाती, मग हात आणि शेवटी क्लब. प्रत्येक भाग आधी वेग घेतो, मग थोडा मंदावतो आणि तो वेग पुढच्याला देतो, म्हणूनच किरकोळ अंगाचे खेळाडूसुद्धा लांब मारतात. हौशी खेळाडूंचं नेमकं इथे चुकतं, खांदे आधी फिरतात, क्लब बाहेरून आत येतो आणि फेस उघडा असला की स्लाइस. यामागेही बऱ्याचदा वीक ग्रिपच असते, कारण बॉल उजवीकडे जातोय हे बघून माणूस नकळत डावीकडे ओढायला लागतो, तेवढ्याने वळण अजून वाढतं आणि मग तो अजूनच ओढतो. नुसता मार्ग सुधारायला गेलात आणि फेस उघडाच राहिला तर बॉल आणखी उजवीकडे, मग कंटाळून जुनी सवय परत. आयर्नने आधी बॉल आणि मग जमीन लागली पाहिजे, डिव्हट, म्हणजे उडणारा गवताचा तुकडा, बॉलच्या पुढे निघाला पाहिजे, बॉल हवेत चढवायचं काम क्लबच्या लॉफ्टचं, म्हणजे फेसच्या तिरपेपणाचं आहे, त्यासाठी मनगटाने खालून उचलायची गरज नसते. टीवर (छोट्या खुंटीवर) ठेवलेल्या बॉलला ड्रायव्हर मात्र थोडा वर जाताना लागला तर चांगलं. वेग कितीही असो, चांगल्या खेळाडूंच्या बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो, त्यामुळे हळू मार असं कोणी सांगितलं तर ते बॅकस्विंगला सुद्धा सरसकट लागू नाही, काहींचा बॅकस्विंग उलट फारच रेंगाळतो.

ग्रिप बदलली की सुरुवातीला हात परका वाटतो आणि शॉट आधीपेक्षा वाईट जातात, कारण अंग अजून जुन्या फेसची भरपाई करत असतं. इथेच बरेच जण सोडून देतात आणि मला हे फार वाईट वाटतं, कारण बदल बहुतेकदा बरोबर असतो, फक्त त्याला वेळ दिलेला नसतो. बॉल न मारता दिवसातून अनेकदा क्लब धरायचा, सोडायचा, परत धरायचा, मग वेजने कमरेच्या उंचीपर्यंतचे छोटे स्विंग, पाय जवळ ठेवून अर्धे स्विंग, आणि हे सरळ जायला लागले की मगच ड्रायव्हर हातात घ्यायचा. जास्त बॉल मारण्यापेक्षा प्रत्येक बॉलच्या आधी हात काढून ग्रिप नव्याने लावणं जास्त कामाचं. पटरला, म्हणजे भोकाजवळ बॉल जमिनीवरून ढकलायच्या क्लबला, हे नियम तसेच लागत नाहीत, तिथे मनगट शांत ठेवायचं असतं म्हणून क्लब तळव्यात धरतात आणि बरेच जण डावी तर्जनी उजव्या बोटांवरून खाली सोडतात.