लिनक्समध्ये ‘खरे’ थ्रेड नसतात?

‘लिनक्समध्ये खरे थ्रेड नसतातच, प्रत्येक थ्रेड म्हणजे वेगळी प्रोसेस, म्हणून जड.’ हे अजूनही ठामपणे सांगितलं जातं. (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, थ्रेड म्हणजे त्याच्या आत चालणारा कामाचा एक धागा.) ते अगदीच हवेतून आलेलं नाही. जुन्या लिनक्सथ्रेड्स लायब्ररीत प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा ओळख क्रमांक, मिळे. सगळ्यांवर देखरेख करायला एक जादा थ्रेड राबत असे आणि सिग्नलचा, म्हणजे प्रोसेसला पाठवायच्या सूचनांचा, तर पुरता गोंधळ होता.

पण ही कथा २००३च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलच्या (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आधीची. उलरिश ड्रेपर आणि इन्गो मोल्नार यांच्या एनपीटीएल या नव्या थ्रेड लायब्ररीसाठी कर्नलमध्येच बदल झाले. एका प्रोसेसचे थ्रेड आता एका गटात मोडतात: पीआयडी सामायिक, टीआयडी (थ्रेडचा स्वतःचा क्रमांक) वेगळा. लॉकसाठी, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला सामायिक गोष्ट वापरू देणाऱ्या कुलपासाठी, फ्युटेक्स ही सोय आली. लॉक मोकळा असेल तर कर्नलपर्यंत जावंच लागत नाही. एनपीटीएलच्या चाचणीत १,००,००० थ्रेड सुमारे २ सेकंदांत सुरू झाले. जुन्या पद्धतीने त्याला १५ मिनिटं लागत.

मग कर्नलमध्ये थ्रेड आणि प्रोसेस या दोघांची नोंद ठेवायला आजही टास्क-स्ट्रक्ट ही एकच रचना का? कारण फरक आहे तो काय सामायिक करायचं याचा. मेमरी, उघड्या फाइल्स, सिग्नल हँडलर वाटून घेतले की थ्रेड, नाही तर प्रोसेस. याला ‘खोटे थ्रेड’ म्हणणं मला तरी हट्टीपणा वाटतो.

जुन्या रचनेची एक खूण मात्र खरोखर उरली आहे. सेटयूआयडी या कॉलने प्रोसेसची वापरकर्ता-ओळख बदलली, तर कर्नल ती फक्त त्या एका थ्रेडची बदलतो. बाकीच्यांना सिग्नल पाठवून तेच करायला लावण्याचं काम जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी गुपचूप उरकते.