व्याप्त देशातील राष्ट्रीय निवडणूक आणि वृत्तपत्रीय मत : इराक, जानेवारी 2005

परकीय सैन्याच्या ताब्यातील देशात राष्ट्रीय निवडणूक होते, तेव्हा ती वैध मानावी का, ती आता घ्यावी की पुढे ढकलावी, आणि तीत भाग घ्यावा की बहिष्कार टाकावा, यांवर वृत्तपत्रांतून झडणारा वाद हा या नोंदीचा विषय आहे. 30 जानेवारी 2005 रोजी इराकमध्ये, घटना लिहिणाऱ्या हंगामी विधिमंडळासाठी, झालेले मतदान हे त्याचे अलीकडच्या काळातले सर्वांत ठळक उदाहरण. त्यावर जगभर अग्रलेखांचा आणि स्तंभलेखांचा पूर आला. त्यांतले बरेचसे लेखन मतदानाच्या त्या एका दिवसापुरते पाहणारे होते. इराकी राजकारणाला पुढे वळण दिले ते मात्र मतदारसंघाच्या रचनेने.

आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘व्याप्त’ या शब्दाला निश्चित अर्थ आहे. 1907 च्या हेग नियमावलीनुसार, जो प्रदेश शत्रुसैन्याच्या प्रत्यक्ष अधिकाराखाली आला तो व्याप्त. आणि ताबा घेणाऱ्याने, अगदीच अशक्य नसेल तर, तिथले चालू कायदे पाळायचे असतात. नवी राज्यव्यवस्था घडवून देण्याचा अधिकार ही नियमावली त्याला देत नाही. इराकबाबत सुरक्षा परिषदेने 22 मे 2003 च्या ठराव 1483 मध्ये अमेरिका व ब्रिटन यांना ताबा घेतलेल्या सत्ता म्हणून नोंदवले. 8 जून 2004 च्या ठराव 1546 ने हा ताबा महिनाअखेरीस संपेल असे जाहीर केले आणि निवडणुकीसाठी 31 जानेवारी 2005 ही अखेरची मुदत घातली. 28 जून 2004 रोजी, ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच, अमेरिकी ताबा प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी पंतप्रधान इयाद अलावी यांच्या हंगामी सरकारकडे कारभार सोपवला. कागदोपत्री ताबा संपला, पण मतदानाच्या दिवशी सुमारे दीड लाख अमेरिकी सैनिक देशात होते. या निवडणुकीला ‘व्याप्त देशातली’ म्हणायचे की ‘सार्वभौम देशातली’, या एका शब्दनिवडीवरूनच कोणत्याही अग्रलेखाचा कल ओळखता येत असे.

अनेक लेखांतून, बाजूच्याही आणि विरोधातल्याही, एक गोष्ट निसटली. ही निवडणूक मुळात वॉशिंग्टनची योजना नव्हती. ताबा प्रशासन आणि त्याने नेमलेली इराकी शासकीय परिषद यांच्या 15 नोव्हेंबर 2003 च्या करारानुसार प्रांतोप्रांतीच्या निवडक मंडळींच्या बैठका भरवून हंगामी विधिमंडळ नेमायचे ठरले होते. इराकमधल्या बहुसंख्य शियांचे सर्वोच्च धर्मगुरू, नजफचे आयातुल्ला अली सिस्तानी यांनी ते नाकारले. देशाची घटना लिहिणारे लोक निवडूनच आले पाहिजेत, असा फतवा त्यांनी जून 2003 मध्येच काढला होता. जानेवारी 2004 मध्ये बसरा आणि बगदादच्या रस्त्यांवर हजारो लोक थेट निवडणुकीची मागणी करत उतरले. मग संयुक्त राष्ट्रांचे दूत लखदर ब्राहिमी यांनी पाहणी केली. जून 2004 अखेरपूर्वी मतदान शक्य नाही, पण पुरेशी तयारी केली तर ते घेता येईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून ‘अमेरिकेने इराकला लोकशाही बहाल केली’ हे वाक्य जितके चूक, तितकेच ‘ही अमेरिकेने लादलेली निवडणूक’ हेही चूक. नजफच्या एका साध्या घरात राहणाऱ्या, सार्वजनिक भाषणे न करणाऱ्या वृद्ध धर्मगुरूने ताबेदार सत्तेला आपल्या वेळापत्रकावर आणले, हे सगळ्यांत आधी सांगायला हवे होते.

मतदारयादीची हकिगत भारतीय वाचकाला चटकन समजेल. भरवशाची जनगणना हाताशी नव्हती. मात्र सद्दामच्या राजवटीवरील आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंधांच्या काळापासून चालत आलेली सरकारी शिधावाटपाची यादी होती, आणि तीत जवळजवळ प्रत्येक कुटुंब होते. तीच मतदारयादीचा पाया झाली. 1 नोव्हेंबर 2004 पासून रेशन दुकानदार पीठ, तांदूळ, तेल यांच्या वाटपाबरोबर कुटुंबाच्या नोंदीचा कागद हातात देऊ लागला. नावे तपासायची, चूक असेल तर नोंदणी केंद्रावर जाऊन दुरुस्त करून घ्यायची. मत दिले नाही तर रेशन बंद होईल, अशी अफवा या व्यवस्थेमुळेच पसरली. हे काम करणाऱ्यांच्या जिवावरही बेतले. 19 डिसेंबर 2004 रोजी बगदादच्या हैफा रस्त्यावर निवडणूक आयोगाच्या तीन कर्मचाऱ्यांना भरदिवसा मोटारीतून खेचून गोळ्या घालण्यात आल्या. सुरक्षेपायी बहुतेक उमेदवारांची नावे मतदानाच्या तोंडावर येईपर्यंत गुप्त होती; मतदार उमेदवाराला नव्हे, तर क्रमांक असलेल्या यादीला मत देणार होता.

सद्दामच्या पाडावानंतर बगदादमध्ये शंभराहून अधिक वृत्तपत्रे निघाली. अनेक लवकरच बंद पडली. टिकलेल्यांत ‘अल-सबाह’ ताबा प्रशासनाच्या पैशावर उभा राहिलेला. त्याचे संपादक इस्माईल झाएर यांनी मे 2004 मध्ये सहकाऱ्यांसह बाहेर पडून ‘अल-सबाह अल-जदीद’ काढला, कारण स्वतंत्र राहू दिले जात नाही अशी त्यांची तक्रार होती. ‘अल-झमान’ लंडनहून आलेला. कुर्दी पक्षांची आणि शिया पक्षांची आपापली मुखपत्रे होती, तर सुन्नी मुस्लिम विद्वानांच्या मंडळाचे ‘अल-बसाइर’ बहिष्काराची बाजू मांडत होते. अनबार प्रांतातल्या फलुजा या सुन्नी शहरावरच्या नोव्हेंबर 2004 च्या अमेरिकी हल्ल्यानंतर बहुतेक रहिवासी शहराबाहेर होते. अशा अवस्थेत मत मागणे म्हणजे जखमेवर मीठ, ही त्या बाजूची भावना होती आणि तिला आधार होता. याच्या आधी, 28 मार्च 2004 रोजी, अमेरिकाविरोधी शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांच्या गटाच्या ‘अल-हवझा’ला ब्रेमर यांच्या आदेशाने साठ दिवसांसाठी टाळे लागले होते. अमेरिकी सैनिकांनी कार्यालयाच्या दाराला साखळी लावली आणि त्यानंतर काही दिवसांतच सद्र यांच्या अनुयायांचा उठाव पेटला. ताबेदार सत्ता एका हाताने मतस्वातंत्र्य देते आणि दुसऱ्या हाताने छापखाना बंद करते, तेव्हा तिथल्या कोणत्याही अग्रलेखाचे मोजमाप करताना तो कुणाच्या परवानगीने आणि कुणाच्या पैशाने छापला गेला हे आधी विचारावे लागते.

अमेरिकी वृत्तपत्रांतला वाद मुख्यतः तारखेवर झाला. 2 जानेवारी 2005 रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये अदनान पचाची यांनी मतदान पुढे ढकलण्याची मागणी केली. हे स्वतः सुन्नी, जुने परराष्ट्रमंत्री आणि निवडणुकीत उतरलेले नेते. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. सुन्नी भागांत मतदान झाले नाही तर निवडून येणारे विधिमंडळ लंगडे ठरेल, हा त्यांचा मुद्दा. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने 12 जानेवारीच्या अग्रलेखात हीच बाजू घेतली. उलट बाजूचे म्हणणे असे की, तारीख हलवली तर बॉम्बवाल्यांना नकाराधिकार मिळतो आणि सिस्तानींना दिलेला शब्द मोडतो. दोन्ही युक्तिवाद सशक्त होते. 23 जानेवारीला इराकमधील अल-कायदाचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावीने लोकशाहीविरुद्धच युद्ध पुकारल्याची ध्वनिफीत आली आणि ढकलाढकलीची भाषा जवळजवळ संपली.

मतदानाच्या दिवशी गाड्यांना बंदी होती, सीमा व विमानतळ बंद होते. लोक पायी आले, काही मैलोन्‌मैल. हल्ल्यांत 40 हून अधिक माणसे मेली, तरी रांगा हटल्या नाहीत. शाई लागलेले जांभळे बोट दुसऱ्या दिवशी जगभरच्या पहिल्या पानांवर झळकले. एरवी कडक टीका करणाऱ्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’नेही 31 जानेवारीच्या अग्रलेखात, युद्धनीतीबद्दलच्या शंका कायम ठेवून, इराकी जनतेच्या या पावलाचा आनंद व्यक्त केला. या लोकांच्या धैर्याबद्दल कुणाचेही दुमत असू नये; बोटावरची शाई दोन-तीन दिवस तरी जात नाही आणि तेवढे दिवस ते बोट म्हणजे मारेकऱ्याला आयता पुरावा होता.

आकड्यांच्या बाबतीत मात्र अग्रलेखांनी फार घाई केली. मतदान संपताना आयोगाकडून 72 टक्क्यांचा अंदाज आला. काही तासांत तो सुमारे 60 वर उतरवला गेला. 13 फेब्रुवारीच्या अधिकृत निकालात तो 58 टक्के ठरला. वैध मते सुमारे 84 लाख 56 हजार. 275 जागांपैकी शिया पक्षांच्या संयुक्त आघाडीला 140, कुर्दी आघाडीला 75 आणि अलावी यांच्या यादीला 40 जागा मिळाल्या. पण 58 हा सरासरीचा आकडा खरे चित्र झाकतो. सुन्नींची मोठी वस्ती असलेल्या प्रांतांपैकी अनबारमध्ये मतदान अवघे 2 टक्के, निनवामध्ये 17, सलाहुद्दीनमध्ये 29.

यातूनच रचनेचा प्रश्न पुढे येतो. तयारीला वेळ कमी म्हणून अख्खा देश एकच मतदारसंघ मानून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, म्हणजे प्रत्येक यादीला देशभर मिळालेल्या मतांच्या प्रमाणात, जागा वाटल्या गेल्या. प्रांतवार मतदारसंघ असते, तर अनबारमध्ये 2 टक्के लोकांनी मत दिले असते तरी अनबारच्या जागा अनबारलाच राहिल्या असत्या. एकसंघ यादीत मात्र घरी बसलेल्या प्रत्येक मतदाराची जागा दुसऱ्या प्रांतातल्या मतदाराकडे गेली. बहिष्काराचे, आणि भीतीपोटी घरी राहण्याचेही, रूपांतर थेट विधिमंडळातून हद्दपारीत झाले. घटना लिहिणाऱ्या 55 जणांच्या समितीत सुरुवातीला दोनच सुन्नी होते. पुढे जास्तीचे सुन्नी प्रतिनिधी नेमून घ्यावे लागले. 2005 च्या जानेवारीतले बहुसंख्य अग्रलेख तारखेवर भांडत राहिले. रचनेविषयी थोड्यांनीच लिहिले, आणि माझ्या मते या साऱ्या वादातली सर्वांत मोठी उणीव हीच.

टीकाकारांनी दोन दाखले वारंवार दिले. पहिला, 4 सप्टेंबर 1967 च्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’मधील बातमी : व्हिएतकाँग या कम्युनिस्ट गनिमांची दहशत असूनही दक्षिण व्हिएतनाममध्ये 83 टक्के मतदान झाले आणि अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याने हुरूप आला. हे कात्रण निवडणुकीच्या सुमारास हातोहात फिरले. पुढे अमेरिकेने माघार घेतली आणि सायगॉन पडले, हे वाचकाला माहीत होते, म्हणून ते प्रभावी ठरले. तरी त्या दाखल्यात एक गफलत आहे. सायगॉनमध्ये सत्तेवर असलेल्या लष्करशहांनाच निवडणुकीने शिक्का मिळाला, तर इराकमध्ये अमेरिकेच्या मर्जीतले अलावी हरले. दुसरा दाखला अधिक अचूक आहे. 8 मार्च 2005 रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर भाषणात सांगितले की, लेबननची निवडणूक मुक्त व निष्पक्ष व्हायची तर सीरियाचे सारे सैन्य आधी बाहेर पडले पाहिजे. हाच निकष पाच आठवड्यांपूर्वीच्या इराकला का लावला नाही, या प्रश्नाला समर्थक स्तंभलेखकांकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

जुना आणि वेगळा दाखला डेन्मार्कचा आहे. जर्मनीच्या ताब्यात असताना 23 मार्च 1943 रोजी तिथे संसदेची निवडणूक झाली. मतदान 89.5 टक्के, डॅनिश नाझी पक्षाला 2 टक्क्यांच्या आसपास मते आणि 149 पैकी 3 जागा. कम्युनिस्ट पक्षावर 1941 पासून बंदी होती. सेन्सॉरखालची वृत्तपत्रे ताब्याविरुद्ध उघड लिहू शकत नव्हती, म्हणून त्यांनी मतदानाचे कर्तव्य एवढेच सांगितले, आणि वाचक उरलेले समजून गेले. भूमिगत पत्रांत कोरी मतपत्रिका टाकण्याचा पर्यायही मांडला गेला. पाच महिन्यांत, 29 ऑगस्टला, सरकारच बाजूला झाले.

परक्या सत्तेने आखलेल्या चौकटीत मत द्यावे की नाही, हा वाद मराठी वृत्तपत्रांनीही जवळून लढवला आहे. 1920 च्या कायदेमंडळ निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला. त्याच वर्षी, मृत्यूपूर्वी काही महिने, टिळकांनी निवडणूक लढवण्यासाठी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढला होता. ‘केसरी’चे न. चिं. केळकर 1923 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात निवडूनही गेले. इराक 2005 बद्दल ‘आत शिरून भांडा’ आणि ‘दूर राहून नाकारा’ अशा ज्या भूमिका घेतल्या गेल्या, त्या पुण्या-मुंबईच्या जुन्या वाचकाला ओळखीच्या वाटाव्यात.

इराकी वृत्तपत्रीय मताच्या विश्वासार्हतेला मोठा धक्का त्याच वर्षाअखेर बसला. 30 नोव्हेंबर 2005 रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने उघड केले की, अमेरिकी लष्कराने लिहिलेले लेख लिंकन ग्रुप या कंत्राटदारामार्फत, अरबीत भाषांतर करून, पैसे मोजून बगदादच्या वृत्तपत्रांत स्वतंत्र लेख म्हणून छापले जात होते. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या इराकी संपादकांचे यात सर्वाधिक नुकसान झाले, कारण त्यांच्याही शब्दावर ‘हा विकतचा’ असा संशय आला. त्याआधी 15 ऑक्टोबरच्या घटनेवरील सार्वमतात अनबारने प्रचंड बहुमताने विरोधी मत दिले होते. 15 डिसेंबर 2005 च्या नियमित संसदीय निवडणुकीत मतदारसंघ 18 प्रांतांवर आधारले गेले, आणि सुन्नी भागांत या वेळी लोकांनी रांगा लावल्या.