फ्लॉपी आयरिस सिंड्रोम

मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू असताना आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, ढिला पडतो आणि सर्जनला नको नको करून सोडतो, त्याला फ्लॉपी आयरिस सिंड्रोम म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं आयफिस (IFIS, इंट्राऑपरेटिव्ह फ्लॉपी आयरिस सिंड्रोम) म्हणतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल यांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं. ऑपरेशनच्या मशीनचं पाणी डोळ्यात फिरायला लागलं की पडदा फडफडतो, छेदातून बाहेर यायला बघतो आणि औषध घालून मोठी केलेली बाहुली बारीक होत जाते.

मुख्य कारण प्रोस्टेटची गोळी, टॅमसुलोसिन (युरिमॅक्स वगैरे). ती तिथल्या स्नायूंच्या रिसेप्टरवर (औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागांवर) काम करून लघवीचा मार्ग सैल करते, पण तसेच रिसेप्टर बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही असतात. गोळी बंद करून भागत नाही, कित्येक वर्षांपूर्वी सोडलेल्यांनाही त्रास झालाय, आणि मनाने बंद केली तर लघवी अडकायची ती वेगळीच. पेशंट मात्र बीपी-शुगरचं सगळं सांगतात आणि लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध म्हणून ती सांगतच नाहीत! मुतखड्यासाठी बायकांनाही ती देतात, तेव्हा फक्त आजोबांना विचारून चालत नाही.

आधी कळलं तर तयारी करता येते: अगोदर अॅट्रोपिनचे थेंब, डोळ्याच्या आत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं फेनिलेफ्रिन किंवा अॅड्रेनालिन, घट्ट व्हिस्को (डोळ्यात जागा धरून ठेवणारी जेल), मशीनच्या पाण्याचा फ्लो कमी. तरी बाहुली टिकेना तर ती उघडी धरायला आयरिस हुक किंवा रशियाच्या बोरिस माल्युगिन यांची रिंग (६.२५ किंवा ७ मिमी), कोलकात्याच्या सुवेन भट्टाचार्जींची बी-हेक्स रिंग पण आहे. बाहुली ताणून मोठी करायची जुनी युक्ती इथे फुकट जाते, इलॅस्टिकसारखी परत जागेवर येते.

आयरिस बाहेर आलीच तर नवशिक्याचा हात पहिला तिला आत ढकलायला जातो आणि ती अजून बाहेर येते, कारण मागून पाण्याचं आणि व्हिस्कोचं प्रेशर असतं. म्हणून आधी पाणी बंद, साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) थोडं व्हिस्को बाहेर सोडायचं, डोळा मऊ झाला की त्याच पोर्टमधून स्पॅच्युला (बारीक चपटी सळई) घालून आयरिस हलकेच आत ओढून घ्यायची. पुन्हा पुन्हा यायला लागली तर तो छेद टाका घालून बंद करून दुसरीकडे नवा घेतलेला बरा. फार चोळली गेली तर तिचा रंग उडतो, बाहुली वेडीवाकडी राहते आणि पेशंटला रात्री समोरच्या गाडीच्या लाइटचा त्रास होतो.